चेसी आधी, एक्सल नंतर

मार्कंड्याला महाशिवरात्रीची यात्रा भरते तेव्हा चामोर्शी, मूल, गडचिरोलीच्या रस्त्यांनी किती जुन्या पिकअप येतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. वर्षभर धानाची पोती, बांबू, तेंदूपत्ता वाहणारी गाडी त्या दिवशी माणसं भरून येते. मालगाडीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, हे बसणाऱ्यालाही ठाऊक असतं. आज आपण बोलणार आहोत ते त्या माणसांच्या पायाखाली काय आहे, याविषयी.

महिंद्रने मुंबईत विलीज जीपा जोडायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या पिकअपना चेसी वेगळी आणि बॉडी वेगळी असते. चेसी म्हणजे काय, तर एक आडवी शिडी: दोन लांब पट्ट्या आणि मध्ये आडवे दांडे. बॉडी उतरवली की सगळी शिडी उघडी पडते. म्हणूनच ही गाडी गावातल्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त होते.

आमच्याकडे लोक येतात ते मागच्या एक्सलसाठी. क्राऊन-पिनियन घासलेलं असतं, किंवा जास्त मालासाठी भक्कम एक्सल हवा असतो. आम्ही म्हणतो, थांबा, आधी चेसी पाहू. भक्कम एक्सल कुजक्या चेसीला लावला, तर आपण फक्त तुटण्याची जागा बदलली.

गंज बाहेरून दिसतो तेवढाच नसतो. रोवणीतला चिखल पट्टीच्या पोटात साचतो, पोतं फुटून सांडलेलं खत त्यात मिसळतं. पोटॅशसारखं खत म्हणजे क्षारच, ओल मिळाली की लोखंड खातं. तपासायचं कसं? तारेच्या ब्रशने घासा आणि छोटी हातोडी मारत जा. चांगल्या पत्र्यावर ठणठणीत आवाज येतो, कुजक्यावर बद्द. पाट्यांचे हँगर आणि आडव्या दांड्यांचे सांधे दोनदा तपासा.

मग माप. गाडी सपाट फरशीवर घोड्यांवर चढवा. चेसीच्या चार ठरावीक भोकांतून ओळंबा सोडून खाली खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक 5-6 मिलिमीटरच्या आत असेल तर आम्ही पुढे जातो. पीळ बसलाय का, ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीने कळतं.

आता आमची चूक सांगतो. एका गाडीच्या चेसीला हँगरजवळ तडा होता. आम्ही त्यावर चौकोनी पट्टी ठेवून सरळ उभं वेल्डिंग केलं. सहा महिन्यांत धान भरलेला असताना वेल्डिंगच्या शेजारीच नवा तडा गेला. उष्णतेने कमजोर झालेली सगळी जागा एकाच रेषेत आली होती. आता आम्ही तड्याच्या टोकाला भोक पाडतो, तडा भरतो आणि वर दोन्ही टोकं निमुळती केलेली पट्टी लावतो, म्हणजे भार हळूहळू पसरतो. पट्टीच्या वरच्या-खालच्या काठाला भोक पाडत नाही, कारण वाकताना सर्वांत जास्त ताण तिथेच येतो. आणि वेल्डिंगआधी बॅटरी सोडवतो.

चेसी उभी राहिली की एक्सल. चाकांमधलं अंतर, पाट्यांच्या बैठकीतलं अंतर, ब्रेक आणि दातांचं प्रमाण, चारही जुळवा. विलीजच्या जुन्या सीजे जीपांना 43 आणि 8 दात, म्हणजे साधारण 5.38 प्रमाण होतं. तिथे 39 आणि 8 चा, म्हणजे 4.88 चा एक्सल बसवला, तर इंजिनाच्या त्याच फेऱ्यांत गाडी सुमारे 10 टक्के जास्त पळते आणि ओढ सुमारे 9 टक्क्यांनी कमी होते. गिअरबॉक्सकडून चालणारा काटा 40 दाखवतो तेव्हा गाडी 44 ने जात असते. फोर-व्हील गाडी असेल तर पुढचं आणि मागचं प्रमाण एकच हवं.

बैठकी लगेच पक्क्या करू नका. आधी टाके मारा, गाडीचं वजन पाट्यांवर येऊ द्या, मग पिनियनचा कोन गिअरबॉक्सच्या शाफ्टशी जुळवा. कोन चुकला की जॉईंट-शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस लवकर जातात. पक्कं वेल्डिंग थोडं इकडे, थोडं तिकडे असं करा, नाहीतर हाउसिंग वाकतं. यू-बोल्ट नवेच घ्या आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. ब्रेकची हवा काढून रिकाम्या गाडीवर, मग अर्ध्या मालावर चाचणी घ्या.

शेवटचं, कागद. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. एमएच 33 असो की 34, बदलाआधी आरटीओत विचारा. चेसी नंबर कोरलेला तुकडा कापून तर अजिबात टाकू नका.

एवढं सगळं करून गाडी मालासाठीच तयार होते, माणसांसाठी नाही. पण यात्रेच्या त्याच रस्त्यावर तिच्या पुढेमागे माणसंच असतात. कुणाची गाडी बाहेर उभी असेल तर चला, हातोडी आमच्याजवळ आहे. प्रश्न तिथेच घेऊ.