गुलाबजाममध्ये गुलाब कुठे?

धाराशिव जिल्ह्यातील भूम परिसर खव्यासाठी प्रसिद्ध. कुंथलगिरीचा पेढा आणि धाराशिवचा गुलाबजाम याच खव्यावर उभे आहेत. पण गुलाबजाममध्ये ना गुलाबाची पाकळी असते, ना जांभळाचा गर. मग हे नाव आले कुठून?

‘गुलाब’ हा मुळात जोडशब्द आहे. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे गुलाबपाणी. आपल्याकडे हे नाव थेट फुलालाच चिकटले. पाकाला पूर्वापार गुलाबपाण्याचा वास देतात, म्हणून ‘गुलाब’. ‘जाम’ हे हिंदी ‘जामुन’चे छोटे रूप. त्याचे आणि आपल्या जांभळाचे मूळ एकच, संस्कृत ‘जंबू’. गोळ्याचा आकार आणि गडद रंग जांभळासारखा, एवढाच संबंध.

या ‘गुलाब’चा एक भाऊ दवाखान्यात भेटतो. अरबीत ‘ग’ नसल्याने ‘गुलाब’चा ‘जुलाब’ झाला. आधी तो गोड पाक होता. पुढे औषधी पेयाला आणि आपल्याकडे पोट साफ करणाऱ्या औषधाला तेच नाव मिळाले.

जांभळासारखा रंग येतो तो खव्यामुळे. म्हशीचे सुमारे 5 लिटर दूध आटवले की जेमतेम 1 किलो खवा मिळतो. त्यात दुधातील साखर आणि प्रथिने एकवटलेली असतात. तळताना त्यांची एकमेकांशी प्रक्रिया होऊन तपकिरी रंग आणि खमंग वास तयार होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मेयार यांनी 1912 मध्ये या प्रक्रियेचे वर्णन केले. आच मोठी असेल तर बाहेरून रंग चढतो, पण गोळा आत कच्चा राहतो. म्हणून गुलाबजाम मंद आचेवर तळतात.

नावातील जांभूळ मात्र फसवे ठरू शकते. जांभळाच्या बियांची पूड मधुमेहावर घरोघरी घेतली जाते. पण ती डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची किंवा इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. पूड घेतली म्हणून दोन गुलाबजाम चालतील, हा हिशेब धोक्याचा. पाक पिळून टाकला तरी आत मुरलेली साखर राहतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार, 2000 कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत हवी. 25 ग्रॅमच्या आत असल्यास अधिक चांगले. चहा-बिस्किटांतील साखरही त्यातच धरायची. ज्या दिवशी ताटात गुलाबजाम असेल, त्या दिवशी निदान चहा तरी बिनसाखरेचा घ्यावा.