सायकल घेताना आधी टायर बघा

गटाच्या कर्जातून लेकीला कॉलेजसाठी सायकल घेताय ना? दुकानदार रंग दाखवेल, तुम्ही टायर बघा. वाकड्या हँडलची रोड बाईक डांबरीवर पळते खरी, पण टायर जेमतेम 25 ते 28 मिलिमीटर रुंद. खडीत, चिखलात घसरते. तिचा व्हॉल्व्हही बहुधा बारीक, गावातला पंप बसेलच असं नाही. हायब्रिडचा टायर साधारण 35 ते 40, हँडल सरळ, पाठ फार वाकत नाही. आपल्या पाणंदीला हीच बरी. दोन्हींना बऱ्याचदा चेनकव्हर नसतं अन् ओढणी अडकते, म्हणून ते दुकानातच बसवून घ्या. लेकीला सोबत न्या. दांडा दोन पायांत घेऊन उभी राहिली की तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत.