काळा दगड, उजळ दगड

बिलोलीच्या शिवारात खडकाची जात बदलते. पश्चिमेला मराठवाड्याचा काळा बेसॉल्ट. पूर्वेला, मांजरेच्या बाजूला, गुलाबी-करड्या ग्रॅनाइटचे गोल धोंडे. हा ग्रॅनाइट बेसॉल्टच्या पोटातला. 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल विंधण घेतलं, तेव्हा सुमारे 340 मीटरवर बेसॉल्ट संपला आणि थोड्याशा गाळाच्या थराखाली असाच प्राचीन खडक लागला. बिलोलीत तो उघड्यावर हाताला लागतो.

उन्हापावसानं गंजलेली साल फसवते, म्हणून आधी हातोडा मारून ताजी फूट काढायची. ग्रॅनाइटचा तुकडा भिंगाखाली धरून उन्हात हळूहळू फिरवावा. फेल्डस्पारचे सपाट पैलू एकामागून एक चमकतात आणि विझतात. मधली गारगोटी वेडीवाकडी फुटलेली, ती अशी चमकत नाही. बेसॉल्टचे कण मात्र भिंगालाही दाद देत नाहीत. लाव्हा भराभर थिजला, त्यांना वाढायला सवडच मिळाली नाही.

चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच. उजळ भाग अनॉर्थोसाइटचा: जवळजवळ सगळा फेल्डस्पार, गारगोटी नावालाही नाही. जन्मानंतर चंद्र खोलवर वितळलेला होता. जड स्फटिक तळाशी बसले, हलका फेल्डस्पार साईसारखा वर आला. ऑगस्ट 2023मध्ये चांद्रयान-3च्या प्रज्ञान बग्गीनं दक्षिण ध्रुवाकडच्या भागात याचीच तपासणी केली. क्युरियमच्या किरणांचा मारा करायचा, मातीतून उठणारे क्ष-किरण मोजायचे, त्यावरून मूलद्रव्यं ओळखायची. अशा 23 मोजण्या झाल्या आणि त्यांतून अनॉर्थोसाइटच्याच जातीची माती निघाली. अहमदाबादेत घडवलेल्या त्या उपकरणाचं मला फार अप्रूप आहे.

पण ही झाली साल. चंद्राचं कवच सरासरी चाळीसेक किलोमीटर जाड, खाली ऑलिव्हिन-पायरॉक्सिनचं प्रावरण. तिथवर विंधण पोचत नाही. हादऱ्यांच्या लहरीच पोचतात. नोव्हेंबर 1969मध्ये अपोलो 12च्या अंतराळवीरांनी आपलं रिकामं चांद्रयान मुद्दाम चंद्रावर आदळवलं. तिथला खडक कोरडा आणि भेगाळलेला, कंप लवकर जिरवत नाही. भूकंपमापक जवळजवळ तासभर थरथर नोंदवत राहिला. अपोलोची ही उपकरणं 1977मध्ये बंद झाली. त्यांच्याच जुन्या नोंदी 2011मध्ये नव्यानं चाळल्या, तेव्हा गाभ्यावरून परतलेल्या क्षीण लहरी सापडल्या: सुमारे 330 किलोमीटर त्रिज्येचा लोहाचा गाभा, बाहेरून वितळलेला, आत घट्ट.