तणसीवरची अळिंबी

पाऊस पडून चार दिवस उघडीप झाली म्हणजे उकिरड्यावर, कुजक्या लांकडावर आणि वारुळाच्या कडेला पांढऱ्या छत्र्या उभ्या राहतात. मुलें त्यांस ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून पायानें उडवितात. आमच्या भंडारा जिल्ह्यांतील रानालगतचे लोक मात्र वारुळावरच्या ‘सात्या’ तेवढ्या ओळखून, निवडून आणतात व आवडीनें खातात. संस्कृतांत यांस छत्राक, कवक, शिलींध्र अशीं नांवें आहेत. मेघाच्या गर्जनेनें पृथ्वी शिलींध्रांनीं भरून जाते, असें वर्णन कालिदासानें मेघदूतांत केलें आहे. आणि त्यांतील यक्षाचा रामगिरि म्हणजे आमच्या शेजारचें रामटेक, असें पुष्कळ विद्वान मानतात. मराठींत हिलाच अळिंबी म्हणतात.

अळिंबीचें नांव काढतांच आपल्या घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते, आणि ती निष्कारण नव्हे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत लसूण व कांदा यांच्या जोडीनें कवकही द्विजांस अभक्ष्य सांगितलें आहे, आणि त्याच श्लोकांत अमंगळ जागीं उपजलेल्या पदार्थांचाही निषेध आहे. परंतु शास्त्राचें बोलणें तेथेंच संपत नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, शेहेचाळिसाव्या अध्यायांत, अळिंबीचे तिच्या आश्रयावरून भेद केले आहेत: पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, वेळूवरची आणि जमिनींतली. यांपैकीं पेंढ्यावर वाढलेली मधुर, रूक्ष व दोषांचें शमन करणारी म्हटली आहे. ती उगवली कशावर, हा वैद्याचा पहिला प्रश्न. आजच्या गृहिणीनेंही हाच प्रश्न आधीं विचारावा, असें मला वाटतें.

रानांतून आणलेल्या अळिंबीविषयीं या प्रश्नाचें खात्रीचें उत्तर मिळत नाहीं. सात्या ओळखण्याची दृष्टि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासानें येते. ती पुस्तकांतील चित्रें पाहून येणारी नव्हे. शिजवितांना चांदीचें नाणें किंवा लसणीची पाकळी काळी पडली नाहीं म्हणजे अळिंबी निर्विष, ही समजूत सर्वस्वीं खोटी आहे. किड्यांनीं खाल्लेली माणसांस चालते, हेंही तसेंच. अमॅनिटा वर्गांतील कांहीं जातींचें विष शिजवून वा वाळवून जात नाहीं. खाल्ल्यावर सहापासून चोवीस तासांपर्यंत कांहींच जाणवत नाहीं. मग ओकाऱ्या व जुलाब होतात. ते थांबून रोगी सुधारल्यासारखा दिसतो, आणि त्याच वेळीं आंत यकृताचा नाश चाललेला असतो. म्हणून नुसता संशय आला तरी, बरें वाटत असतांही, उरलेला तुकडा बरोबर घेऊन तत्काळ इस्पितळ गांठावें.

याच्या उलट, ओळखीचें बियाणें आणि स्वच्छ तणीस घेऊन घरीं वाढविलेली अळिंबी आपल्या डोळ्यांदेखत वाढते. आमचा जिल्हा धानाचा. कार्तिक-मार्गशीर्षांत मळणी झाली कीं घरोघर तणसीचे ढीग लागतात. ही तणीस अळिंबीस फार मानवते. भातपेंढ्यावर अळिंबी लावण्याचे प्रयोग कोइमतूर येथें १९४३ सालीं झाले, आणि १९६२ सालीं म्हैसूरच्या केंद्रीय अन्न-तंत्रज्ञान संशोधन संस्थेंत ‘धिंगरी’ जातीची लागवड अशाच पेंढ्यावर साधली. बाजारांतील गोल ‘बटन’ अळिंबीस थंड हवा व खत घालून कुजविलेला पेंढा लागतो. त्या खतांत घोड्याची लीद किंवा कोंबड्यांची विष्ठाही पुष्कळदां असते. धिंगरीस शेण, लीद कांहीं लागत नाहीं. वीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअसची हवा पुरते, म्हणजे आमच्याकडील हिंवाळा तिच्या सोयीचा.

बियाणें. अळिंबीस फूल नाहीं, म्हणून फळांतलें बीही नाहीं. गहूं वा ज्वारीच्या उकडून निर्जंतुक केलेल्या दाण्यांवर तिचे पांढरे तंतू वाढवितात, तेंच बियाणें. दाणे पांढऱ्या तंतूंनीं वेढलेले असावेत. हिरवा किंवा काळा डाग दिसल्यास पिशवी परत करावी. जातीचें नांव विचारून घ्यावें. आमच्या बाजूच्या वाचकांनीं साकोलीच्या कृषि विज्ञान केंद्रांत चौकशी करावी. पुण्याच्या कृषि महाविद्यालयांतही अळिंबीचें संशोधन चालतें. या विषयाची राष्ट्रीय संस्था हिमाचल प्रदेशांत सोलन येथें १९८३ पासून आहे.

तणीस व भरणी. तणीस यंदाची, सोनेरी, पावसांत न भिजलेली घ्यावी. तिचे दोन इंचांचे तुकडे करून रात्रभर स्वच्छ पाण्यांत भिजत घालावे. सकाळीं पाणी काढून टाकून ते सुमारें ऐंशी अंश उष्ण पाण्यांत तासभर बुडवून ठेवावे. यायोगें इतर बुरशींचें बळ मोडतें. मग उपसून, धुतलेल्या फडक्यावर पसरून निववावे. मुठींत दाबल्यास हात ओला व्हावा, पण थेंब गळूं नये, इतकीच ओल राहूं द्यावी. आतां साबणानें हात धुऊन प्लास्टिकच्या पिशवींत दोन-तीन इंच तणसीचा थर, त्यावर कडेकडेनें बियाणें, पुन्हां थर, याप्रमाणें दाबून भरावें. बियाणें ओल्या तणसीच्या वजनाच्या शेंकडा दोन पुरतें. तोंड बांधून स्वच्छ सुईनें वीस-पंचवीस छिद्रें पाडावीं.

निगा व तोडणी. पिशवी अंधाऱ्या खोलींत ठेवावी. पंधरा-वीस दिवसांत सर्व तणीस पांढऱ्या तंतूंनीं बांधली जाऊन तिचा घट्ट गोळा होतो. मग पिशवी कापून काढावी, गोळा शिंक्यांत टांगावा, खोलींत वारा व मंद उजेड येऊं द्यावा आणि दिवसांतून दोन-तीनदां पाण्याचे बारीक तुषार मारावे. लवकरच टांचणीच्या डोक्याएवढे कोंभ दिसतात व चार-पांच दिवसांत पंख्यासारखे पसरतात. कडा वर वळण्यापूर्वींच हातानें पिळून तोडावें. आठ-दहा दिवसांच्या अंतरानें आणखी दोन वेळां पीक येतें. एक किलो कोरड्या तणसीपासून, निगा चांगली असल्यास, अर्धा ते एक किलो ताजी अळिंबी मिळते. उरलेली तणीस परसांतील झाडांस उत्तम खत होते.

हिरवी बुरशी धरलेला गोळा घराबाहेर पुरून टाकावा. गोळ्यावर काळी, शाईसारखी वितळणारी किंवा अन्य अनोळखी छत्री दिसल्यास ती उपटून फेकावी. घरच्या गोळ्यावर आली म्हणून ती खाण्यास योग्य ठरत नाहीं. पीक पसरूं दिल्यास त्याची सूक्ष्म रज हवेंत उडून खोकला, दमा उठतो. म्हणून हें काम निजण्याच्या खोलींत करूं नये आणि तोडतांना नाकास फडकें बांधावें.

अळिंबी नेहमीं शिजवूनच खावी. जिरें, मिरची, ओलें खोबरें घालून हिची भाजी कांदा-लसणीवांचूनही रुचकर होते. शंभर ग्रॅमांत सुमारें तीन ग्रॅम प्रथिनें असतात. बाकी बहुतेक पाणीच, म्हणून वाळल्यावर वजन दहावा हिस्सा उरतें. कडकडीत वाळवून बरणींत ठेवली तर महिनोन्‌महिने टिकते.

घरांत एका जरी वडील माणसास ही भाजी नको असेल, तर आग्रह करूं नये. तिचीं भांडीं निराळीं ठेवावीं. जें घर खाणार नाहीं, त्यासही पीक वाढवून विकण्यास अडचण नाहीं. आरंभ दोन पिशव्यांनीं करावा, त्यांवर बियाण्याची जात व भरल्याची तारीख लिहून ठेवावी, आणि तीं पिकें पदरांत पडल्यावरच आणखी तणीस भिजत घालावी.