तापातलं ताट

लेखांक ६

लस काय करते ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आता ताटाकडे वळू.

पावसाळा सरत आला की जळकोट तालुक्यात ताप घरोघर फिरतो. कुठे डेंग्यू, कुठे नुसताच ‘व्हायरल’. घरातली थोरली माणसं आधी भाकरी बंद करतात, ‘लंघन होऊ दे, ताप उतरेल’ म्हणून. दुसरीकडे ‘पेशी’ कमी झाल्या म्हणून कुणीतरी पपईच्या पाल्याच्या शोधात निघतं. (झाडावरच्या पिकल्या पपईकडे मात्र कुणी बघत नाही.) सगळं मायेपोटीच, पण लंघन लेकरांना फार महाग पडतं.

अंगाचं तापमान एक अंश सेल्सिअसने चढलं की शरीराचा ऊर्जेचा खर्च दहा टक्क्यांच्या आसपास वाढतो. विषाणूला अडवणाऱ्या अँटिबॉडी म्हणजे प्रथिनंच, आणि नव्या पांढऱ्या पेशी घडवायलाही प्रथिनं लागतात. ती तोंडावाटे आली नाहीत तर शरीर स्नायू मोडून मिळवतं. धडधाकट माणूस हे दोन दिवस सोसतो. हडकुळ्या लेकराकडे मोडायलाच फारसं काही नसतं. कुपोषण लांबलं तर टी-पेशी जिथे तयार होतात ती छातीतली थायमस ग्रंथीच आक्रसते. मग पुढचा आजार लवकर गाठतो, भूक मरते, वजन आणखी उतरतं. स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांनी हा फेरा १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात मांडला. त्यातले कार्ल टेलर हे जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचे गुरू. १९७० साली सुरू झालेल्या जामखेडच्या ग्रामीण आरोग्याच्या कामात दवाखान्याइतकंच वजन पाण्याला आणि मुलांच्या जेवणाला मिळालं, ते उगाच नाही.

आहार आणि आजार यांच्या नात्याचा सगळ्यात सज्जड पुरावा गोवरात सापडतो. गोवराचा विषाणू शरीरातला ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने संपवतो. डोळे, फुप्फुसं आणि आतडी यांची अस्तरं याच जीवनसत्त्वावर टिकतात. म्हणून गोवरामागून न्यूमोनिया, हगवण, कधी अंधत्व येतं. केपटाउनच्या रुग्णालयातल्या चाचणीत, १९९० साली, ‘अ’चा मोठा डोस दिलेल्या मुलांमधले मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. गोवर झालेल्या, वर्षावरच्या मुलाला लागोपाठ दोन दिवस दोन-दोन लाख युनिट देतात ते यासाठी. डोस डॉक्टरांच्या हातूनच. जास्त झाला तर तो विषारी ठरतो.

यावरून गोळ्यांचा ढीग खावा असं मात्र निघत नाही. कोविडात जस्त आणि ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या धडाधड खपल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत मोठ्या डोसांनीही रुग्णांची लक्षणं लवकर हटली नाहीत. उणीव असेल तिथे ती भरून काढल्याचा फायदा होतो; भरल्या भांड्यात ओतलेलं वाहून जातं. ‘इम्युनिटी बूस्टर’ विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

आपल्याकडची उणीव तर शेताच्या बांधावरच भरून निघण्यासारखी आहे. सोयाबीनमध्ये जवळपास चाळीस टक्के प्रथिनं असतात, आणि ते पोत्यांनी उदगीर-लातूरच्या मोंढ्यात जातं. ते नीट भाजून ज्वारीच्या दळणात मूठभर घालायला काय हरकत आहे? तुरीचं वरण, अंडं, शेंगदाणे, शेवग्याचा पाला, तांबडा भोपळा हे सगळं इथलंच.

तापात भूक मंदावते, तेव्हा कोंबू नका. मऊ खिचडी, पातळ वरण, ताक थोडं थोडं, वारंवार द्या. तान्ह्याचं अंगावरचं दूध थांबवू नका. खरी भरपाई ताप उतरल्यावर होते: पुढचे दोन आठवडे लेकराला रोज एक जेवण जादा द्या.

दसरा-दिवाळीनंतर तांड्यांवरून कोयते उसाला निघतील. उचल घेतली असेल, गाडी ठरली असेल. तरी निघण्याआधी एकदा अंगणवाडीत जा. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत ‘अ’ जीवनसत्त्वाचे नऊ डोस मोफत मिळतात. राहिलेला डोस आणि गोवराची लस घ्या, आणि लसीकरणाचं कार्ड सोबत न्या.