इंधनाची उपाधी : ई-२० पेट्रोल आणि ट्यून केलेली गाडी

विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की सरांचा रस्ता चुकला, बाजूच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं ते इथे आले. (हशा) तसं नाही. इंजिनात रोज जे घडतं तो अनुमानाचाच व्यवहार आहे, आणि अनुमान हा आमचा प्रांत. आज चर्चेला निमित्त आहे ते रोज ऑफिसला नेता येणाऱ्या, पण हौसेनं ट्यून करून घेतलेल्या गाडीचं. अशी गाडी बाळगणारी मुलं दोन वर्षं एकच प्रश्न विचारताहेत : पंपावर आता ई-२० मिळतं, तर माझं इंजिन टिकेल का?

आधी वस्तुस्थिती. ई-२० म्हणजे शंभर भागांत वीस भाग इथेनॉल. आपल्याकडे सरासरी १० टक्के मिश्रण २०२२ च्या जूनमध्ये गाठलं गेलं. ई-२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली, आणि २०३० साठी ठरवलेलं वीस टक्क्यांचं उद्दिष्ट २०२५ वर आणलं गेलं. आज साधं पेट्रोल मागितलं की बहुतेक ठिकाणी हेच टाकीत पडतं. ऊस, मळी, तांदूळ, मका यांपासून ते होतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या श्रोत्यांना डिस्टिलरीचा वास मी समजावून सांगायची गरज नाही.

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. म्हणजे ते जणू थोडंसं जळून आलेलं इंधन आहे. म्हणून त्यात ऊर्जा कमी, लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. आणि म्हणूनच त्याला हवाही कमी लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब १३.५ च्या आसपास येतो. उलट बाजूनं सांगायचं तर, तेवढ्याच हवेसाठी शुद्ध पेट्रोलपेक्षा साडेसात टक्के जास्त लिटर इंधन सोडावं लागतं.

हे इंजिनाला कळतं कसं? एक्झॉस्टमध्ये एक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. टाकीत काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. धुरात ऑक्सिजन किती उरला एवढंच तो पाहतो आणि आगीबद्दल अनुमान काढतो. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे आग आहे, हे न्यायदर्शनातलं सगळ्यात घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण. आणि इथे ते तंतोतंत, मिनिटाला हजारो वेळा, घडतंय! ऑक्सिजन जास्त उरला तर ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, इंधन वाढवतो. या सुधारणेला फ्युएल ट्रिम म्हणतात. इंधन पेट्रोल असो की मिश्रण, निष्कर्ष बरोबरच येतो. (सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला भोक पडलं, बाहेरची हवा आत आली, तर मात्र तो फसतो. आमच्याकडे याला हेत्वाभास म्हणतात.)

पण पाय पूर्ण दाबला की बऱ्याच गाड्यांत, विशेषतः जुन्यांत, ईसीयू त्या सेन्सरचं ऐकणं थांबवतो आणि आधी लिहून ठेवलेल्या तक्त्यावर चालतो. त्याला मॅप म्हणतात. मॅप सांगतो : इतके आरपीएम, इतकी हवा, म्हणून इतकं इंधन. ट्यूनिंग करणारा माणूस बदलतो तो मुख्यतः हाच तक्ता. आता गंमत बघा. धुरावरून आग सिद्ध होते. आगीवरून धूर मात्र सिद्ध होत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर यायचा तर इंधन ओलं असावं लागतं. नैयायिक या न बोललेल्या अटीला ‘उपाधी’ म्हणतात, आणि त्यांचं उदाहरण काय, तर आर्द्र-इंधन! मॅपमध्येही अशीच एक अट दडलेली असते : टाकीतलं इंधन ट्यूनिंगच्या दिवशी होतं तेच असलं पाहिजे. अट कुठे लिहिलेली नसते, आणि पंप ती बदलून टाकतो.

किती बिघडतं? समजा ई-१० वर ट्यून केलेली गाडी पूर्ण दाबात लॅम्डा ०.८५ वर, म्हणजे मुद्दाम इंधन जास्त ठेवून, चालते. टाकीत ई-२० पडलं आणि काहीच सुधारणा झाली नाही, तर ते ०.८८ होईल. शुद्ध पेट्रोलवर ट्यून केली असेल तर ०.९१. इथेनॉलची बाजूही सांगितली पाहिजे. वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढतं, त्यामुळे आत जाणारी हवा थंड होते. आणि ऑक्टेन वाढतं : आपलं साधं पेट्रोल ९१, ई-२० चं ९५ च्या आसपास. नॉकिंगची भीती घटते. त्यामुळे टर्बो गाडी फार ताणून ट्यून केलेली नसेल तर ई-२० नं पिस्टन वितळेल हे मला पटत नाही. पण ट्यूनरनं इंजेक्टर आधीच नव्वद टक्क्यांच्या वर राबवायला लावले असतील, तर जास्तीचं इंधन येणार कुठून?

खरा धोका उलट दिशेला आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही. ई-२० च्या ९५ ऑक्टेनवर विसंबून स्पार्क पुढे ओढून घेतला, आणि प्रवासात कुठे ९१ चं इंधन भरलं, तर नॉकिंग सुरू. नॉक सेन्सर सावरतो, पण त्यालाही मर्यादा आहेत. म्हणून ट्यूनरला पहिला प्रश्न ‘पॉवर किती वाढेल’ हा न विचारता ‘कुठलं इंधन गृहीत धरलंत’ हा विचारा. साधा ओबीडी रीडर घ्या आणि लाँग टर्म ट्रिम बघत राहा. ई-१० वरून आल्यावर तो चार-पाच टक्के वर सरकला तर ठीक. वीसच्या घरात गेला तर दोष इथेनॉलचा नाही, दुसरं काहीतरी बिघडलंय.

आता अ‍ॅव्हरेज. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या पद्धतीच्या, ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के घट येईल. ई-२० साठी जुळवलेल्यांत १ ते २. पंधराचं अ‍ॅव्हरेज चौदावर आलं, तर महिन्याला हजार किलोमीटरमागे जवळजवळ पाच लिटर जास्त. ब्राझीलमध्ये लोक पंपावर भागाकार करतात : इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तरच ते भरायचं. तिथे दोन नळ्या आहेत, निवड आहे. आपल्याकडे भागाकार करून उपयोग नाही, कारण नळी एकच. ऊस उत्पादकाला पैसे वेळेवर मिळावेत, तेलाची आयात घटावी, ही उद्दिष्टं मला मान्य आहेत. पण कुणाच्या खिशातून हे नीट न सांगता ती साधायची, हे मला नैतिकदृष्ट्या अपुरं वाटतं. ‘काही फरक पडत नाही’ म्हणणारा आणि ‘इंजिनं संपली’ म्हणणारा, दोघेही आकडे बघायचं टाळतात.

श्रोत्यांतून चिठ्ठी आली आहे : गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली तर? इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. ई-२० मध्ये ई-१० पेक्षा जास्त पाणी मावतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि पंप शोषतो तो तळातूनच. तेव्हा टाकी भरून ठेवा, आत हवा कमी राहील. जुन्या गाडीचे रबरी होज आणि सील मेकॅनिककडून तपासून घ्या; इथेनॉलनं काही रबरं फुगतात, कडक होतात. आणि फिल्टर बदला, कारण टाकीत वर्षानुवर्षं साचलेला गाळ ते सोडवून पुढे ढकलतं.