मावळचा लढा आणि उसने पुढारी

लोणावळ्याची धरणे पाहायला पावसाळ्यात मुंबईकरांची झुंबड उडते. टाटांच्या या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून १९१५ पासून खोपोलीत वीज काढली गेली, ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. जमीन मावळ्यांची, उजेड मालकांचा!

पुढे मुळशीची पाळी आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे तुरुंगात गेले. त्यांच्या त्यागाबद्दल आम्हांस शंका नाही. पण लढा १९२४ पर्यंत मोडला, तो का? बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या कब्जात होत्या. त्यांना जमीन वाचण्यापेक्षा मोबदला वाढण्यात रस होता. भाव ठरला, सावकार बाजूला झाले. जो कसत होता त्याचे नाव कागदावर नव्हते, आणि ज्याला कसायलाही जमीन नव्हती त्याला कोण विचारतो?

याउलट कोकणातील खोतीविरोधी लढा पाहा. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी विधेयक आणले, १० जानेवारी १९३८ रोजी कुळांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. काँग्रेस मंत्रिमंडळाने विधेयक पुढे जाऊ दिले नाही. तरीही मागणी मेली नाही, कारण ती कुळांचीच होती आणि पक्षही त्यांचा, स्वतंत्र मजूर पक्ष. १९४९ साली खोती कायद्याने गेली.

आता ९ ऑगस्ट २०११. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध शेतकरी बऊर येथे द्रुतगती महामार्गावर उतरले. पोलिसांनी गोळ्या घातल्या. दोन पुरुष आणि एक बाई, तिघे मेले. कामाला स्थगिती मिळाली, ती त्या रक्तामुळे. विरोधी पक्षांनी तेव्हा मावळात येऊन अश्रू ढाळले, मते घेतली. सप्टेंबर २०२३ मध्ये स्थगिती उठली तेव्हा तेच पक्ष सत्तेत होते आणि २०११ चे उपमुख्यमंत्री त्यांच्या शेजारी पुन्हा उपमुख्यमंत्री होते. मावळच्या शेतकऱ्याचा स्वतःचा पक्ष त्या खोलीत नव्हता. मग त्याच्या वतीने 'नाही' कोण म्हणणार?

प्रस्थापितांना दोष देणे सोपे आहे. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसविली. दर वर्षी त्या दिवशी आमची माणसे मुंबईहून गाड्या भरून, याच महामार्गाने, बऊरवरून येतात. २०११ च्या डिसेंबरात आम्हीही आलो होतो. गाडी थांबवली नाही.